आठवड्याला एक मूठ

इम्पी कोक्कोनेन दवाखान्यात गेली तेव्हा
मला देऊन गेली एक किल्ली,
विजेच्या बिलामागे लिहिलेला कागद
आणि ओट्याखालच्या निळ्या पेटीतली
हजारेक गांडुळं.
मांजर तिच्या भाच्यानं नेलं.
गांडुळांना भाचा नव्हता.

कागदावर पेन्सिलीनं, ठसठशीत:
कॉफीचा चोथा, आठवड्याला एक मूठ.
माझी मूठ, आर्मास. तुझी नव्हे.
सोबत ओलं वर्तमानपत्र, फाडून.
अंड्याची टरफलं कुटून.
संत्र्याची साल बिलकुल नको.
त्यांच्याशी बोलायची गरज नाही.

एकतीस वर्षं मी बर्फ फोडणाऱ्या जहाजावर
इंजिनांना तेल पाजलं.
म्हटलं, ह्यात काय आहे!

मग जानेवारीत वरचा लेम्पिनेन गेला.
चर्चच्या हॉलमध्ये साठ माणसं कॉफी प्यायली,
काळी, कडक, एकमेकांकडे न बघता.
संध्याकाळी त्याची सून दारात उभी,
हातात चोथ्याची बादली, अजून कोमट.
"तुमच्याकडे ते किडे आहेत ना?"
परत काय पाठवणार?
तिचे डोळे सुजलेले.
ओतली सगळी.
वाटलं, मयताचं जेवण त्यांनाही मिळू दे.

तिसऱ्या रात्री आंबूस वासानं जाग आली.
पेटीत हात घातला तर
आत ताप भरलेला, लेकराच्या कपाळासारखा.
झाकणाला गांडुळं, भिंतीला गांडुळं,
पायपुसण्यावर, फ्रीजखाली,
एक तर माझ्या मोज्याशी येऊन थबकलेलं,
जणू पत्ता विचारत होतं.
अति तेथे माती म्हणतात.
इथं अति झालं
आणि मातीसुद्धा होईना.

बाहेर उणे सत्तावीस.
बाहेर काढायची सोय नाही, कोणालाच.
इम्पीचा साखरेचा चांदीचा चमचा घेऊन
बसलो फरशीवर, दुखऱ्या गुडघ्यांवर,
एकेक उचलत.
तळव्यावर ओला दोरा वळवळतो,
बोटांच्या बेचक्यात अंधार शोधतो.
चोथा उपसला. महिनाभराची वर्तमानपत्रं फाडली:
हॉकीचे निकाल, गॅरेजची जाहिरात,
लेम्पिनेनची दोन ओळींची बातमीही.
ती जरा हळू फाडली.

मग झाकण उघडं ठेवून दिवा लावला.
उजेडाला भिऊन खाली जातात ती.
अख्खं औलू दुपारच्या दोन घटका उन्हासाठी
खिडक्यांना नाक लावून बसलेलं,
आणि मी रात्रभर दिवा जाळत होतो
कुणीतरी त्याला घाबरावं म्हणून.

रविवारी तिचा फोन.
"कशी आहेत?"
"बरी."
"खातात?"
"खातात."
नळीतून येणाऱ्या हवेचा फुसफुस आवाज.
"आणि तू?"
मला एकदम सुचेना.
"मीपण खातो," म्हटलं.

एप्रिलमध्ये ती परत आली, चौपायी काठी टेकत.
कोट न काढताच वाकली, झाकण काढलं,
मनगटापर्यंत हात आत.
काळीभोर माती, राय-पावाच्या चुऱ्यासारखी.
मला वाटलं, शाबासकी येणार.
तिनं हात नाकाशी नेला.
"जानेवारी," म्हणाली.
मी खिडकीबाहेर बघितलं. गटारात बर्फ वितळत होता.
"किती?"
"बादली."

पुढे काही बोलली नाही.
काठीच्या ठकठकीत कॉफी ठेवली, दोघांची.
डॉक्टरनं तिला एकच कप सांगितलाय,
तो तिनं मोठ्यातला मोठा घेतला.
प्यायलो. ओला फिल्टर पिळून
तिनं चोथा माझ्या तळव्यावर ठेवला.
बघितलं.
मग चिमूटभर
परत काढून घेतला.